सेन्सेईंचा ग्लास

बारच्या दारात मी बूट काढून हातात घेतले. जपानमध्ये राहून लागलेली सवय, दुसरं काय. म्हाताऱ्या मालकीणबाईंनी माझ्या मोज्यांकडे पाहिलं (उजव्याला भोक होतं) आणि बूट घालायची खूण केली.

"आणलीत लाज," मेधा पुटपुटली. बायको घरूनच चिडून निघाली होती.

तिचे वडील, सांगलीचे निवृत्त प्राध्यापक, महिनाभर ग्योतोकूला आमच्याकडे होते. कॉलेजात असताना ज्या जपानी लेखकाची मराठी भाषांतरं त्यांनी झपाटून वाचली, तो रोज संध्याकाळी या बारमध्ये बसायचा. "तिथे एकदा बसलो की जपान झालं," असं बाबांनी लेकीला तोंडावर सांगितलं होतं. मी 'पुढच्या शनिवारी' म्हणत महिना काढला. उद्या त्यांचं विमान, म्हणून बाबाही चिडलेले. दोन गाड्या बदलेपर्यंत त्यांचे टोमणे उपाशीपोटी ऐकून मी तर पेटलोच होतो.

कोपऱ्यातलं स्टूल रिकामं होतं. पुढ्यात भरलेला ग्लास. इथल्या बारमध्ये बसल्या बसल्या न मागता काहीतरी समोर येतंच. मी बसलो आणि एका दमात संपवला.

सगळा बार वळून माझ्याकडे पाहू लागला.

"तो सेन्सेईंचा होता," मालकीणबाई हळू म्हणाल्या. सेन्सेई म्हणजे गुरुजी; माझ्या डोक्यावर भिंतीवर त्याच लेखकमहाशयांचा फोटो. ते गेल्यापासून रोजचा पहिला ग्लास त्यांच्यासाठी भरतात म्हणे. हे मी बाबांना मराठीत सांगितलं. (शहाण्याने सांगितलं नसतं.)

"श्रीकांतराव, पितृपक्षात कावळ्यासाठी पान ठेवतात. तिथे जावई जेवायला बसतो का?"

"बाबा, मला काय माहीत..."

"वर फोटो, खाली भरला ग्लास. आणखी काय, हार घालायला हवा होता?"

मालकीणबाईंनी दोन्ही हातांची फुली केली. म्हणजे निघा, तिघंही.

"माझं एवढं एकच मागणं होतं," बाबा म्हणाले. ते दाराकडे वळले नाहीत. कानटोपी काढून, हात जोडून फोटोपुढे वाकले ते बराच वेळ वाकलेलेच.

मालकीणबाई बघत राहिल्या. मग त्यांनी सेन्सेईंचा ग्लास नव्याने भरला आणि शेजारचं स्टूल बाबांसाठी ओढलं. एक मेधासाठी. मला दार दाखवलं.

गल्लीत उभा राहून मी धुमसत काचेतून पाहत होतो. बाबा महिन्यात पहिल्यांदा हसत होते. त्यांना जपानीचं एक अक्षरही येत नाही.

बाहेर आल्यावर मेधा म्हणाली, "लग्न ठरवताना बाबांनी विचारलं होतं, मुलगा पितो का? मी छातीठोकपणे नाही म्हटलं होतं. आज म्हणाले, 'पितो. आणि तेही मेलेल्या माणसाचं.'"