मॉमॉ ओलालीची खुर्ची

यूलिस व्हेरे माझ्या जन्माच्या आधीपासून टीव्हीवर हवामान सांगतो आणि पॉइंट सोव्हाजमधल्या एकाही माणसाने आजवर त्याचं ऐकलेलं नाही. बघतात सगळे. त्याचा टाय बघतात, दर मोसमात थोडं पुढे सरकणारं पोट बघतात. वादळाच्या दिवसांत मागच्या नकाशावर रंगीत रेघा पसरल्या की 'आज काय शेवया सांडल्यात' म्हणून दुसरी बिअर उघडतात. मग उठून खिडकीशी जातात आणि त्याची आई ओसरीवर बसलेली आहे ना, ते पाहतात.

तिचं नाव ओलाली. गाव तिला मॉमॉ म्हणतं, म्हणजे आजी. सख्खी कोणाची, हा प्रश्न कोणाला पडत नाही. तिचं घर अगदी बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या संथ खाडीच्या, पाण्याला लागून, गावातल्या सगळ्यांत सखल जागी. ओसरीवर एक हिरवी डोलखुर्ची. खुर्ची बाहेर असली की लुइझियानाचा गव्हर्नर टीव्हीवर रडला तरी आमचं गाव हलत नाही. खुर्ची आत गेली की खिडक्यांवर फळ्या ठोकल्याचे आवाज सुरू होतात. आकाशात उपग्रह, वादळाच्या पोटात शिरणारी विमानं, खोलीभर कॉम्प्युटर, एवढा खटाटोप होऊन निकाल शेवटी त्या खुर्चीकडे. यूलिसला हे ठाऊक आहे. हा अपमान तो टायसारखा रोज घालतो.

त्या ऑगस्टच्या वादळाला योगायोगाने त्याच्या पहिल्या बायकोचं नाव मिळालं होतं. कोरिन. तो नकाशासमोर गंभीर चेहऱ्याने "कोरिन अजून कुठे वळेल, सांगता येत नाही" म्हणाला आणि बारमध्ये लोक हसून हसून टेबलावर आडवे झाले.

दुपारी तो आईकडे आला. आमचं घर अगदी समोर. उन्हाळ्यात खिडक्या उघड्याच असतात. मॉमॉ खुर्चीत बसून भेंडी चिरत होती.

"आई, कोरिन येतेय."

"आता कशाला? भांडी तर सगळी नेली होती तिने."

"वादळ गं."

"मी तेच म्हणतेय."

तो पायरीवर बसला. "तुला इथून निघायला हवं. तू निघालीस तर बाकीचेही निघतील."

"तुझा कॉम्प्युटर काय म्हणतो?"

"बहुतेक रेघा पूर्वेला जातात. अलाबामाकडे."

"मग अलाबामावाल्यांना सांग."

"काही आपल्या डोक्यावरून जातात."

"गेल्या वर्षीही जात होत्या. मला दिवसभर गाडीत कोंबलंस. तुझ्या व्हर्नामावशीच्या घरी तिच्या त्या कुत्र्याशेजारी झोपवलंस. परत आले तर दोरीवरचे कपडे जसेच्या तसे. एक चिमटासुद्धा पडला नव्हता, यूलिस."

चिमट्यांची गोष्ट गावभर झाली होती. वर्षभर लोक त्याला बाजारात थांबवून चिमटे दाखवत होते.

भेंडीचा देठ उडवत मॉमॉच म्हणाली, "आणि इतक्या रेघा कशाला? एवढा महागाचा कॉम्प्युटर, एक धड रेघ काढता येत नाही त्याला?"

"समुद्रावर आत्ता या क्षणी नेमकं काय चाललंय, तेच पुरतं कळत नाही ना. म्हणून तेच गणित पन्नास वेळा करतात. दर वेळी सुरुवात किंचित बदलून. वारा थोडा कमी, पाणी थोडं गरम." तो थांबला. आतून गंबोसाठी, म्हणजे कोळंबी-भेंडीच्या दाट रश्शासाठी, भाजलेल्या पिठाचा वास येत होता. "समज, तू तुझ्या गंबोची कृती पन्नास बायकांना दिलीस."

"देणार नाही."

"समज म्हटलं. कृती एकच. काय होईल?"

"पन्नास गंबो होतील आणि एकही माझ्यासारखा नसेल. एखादी पीठ भाजताना फोनवर बोलेल. एखादीची कोळंबी कालची असेल."

"बस, तेच. सुरुवातीला चिमूटभर फरक, शेवटी भलतीच चव. या पन्नास रेघा त्या पन्नास बायका."

मॉमॉची सुरी थांबली. "किती जणींचा बिघडलाय?"

"सहा. चव्वेचाळीस चांगले. पण पातेली सगळी सारखीच दिसतात आणि वाढायला घेतलंय."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मॉमॉ चर्चच्या जेवणात दुसऱ्या कोणाच्या हातचा गंबो खात नाही. कारण एका लँड्रीबाईंची कोळंबी. तपशील लिहिण्यासारखा नाही. त्या दिवशी अर्धी प्रार्थना चर्चबाहेरच्या झुडपांत झाली होती.

"मी घरून डबा नेईन," ती म्हणाली.

"म्हणजे निघतेस?"

"व्हर्नाकडे नाही. तो कुत्रा घोरतो."

ती उठली, भेंडीची परात त्याच्या हातात दिली आणि खुर्ची स्वतः ओढत आत नेली. खुर्चीची पाठ दारातून दिसेनाशी होईपर्यंत आमच्या बाबांच्या हातात ड्रिल आलेलं होतं.

संध्याकाळच्या बातम्यांत यूलिसने आयुष्यातलं सर्वांत चांगलं हवामान सांगितलं असावं. पन्नास रेघा, सहा लाल, पातेल्यांसकट सगळं. ते पाहायला गावात कोणी नव्हतं. आम्ही सगळे मॉमॉच्या मागोमाग हायवेवर अडकून उकडत होतो.

कोरिन पूर्वेला गेली. आमच्याकडे रिमझिम झाली.

परतलो तेव्हा आम्ही चिडलेलो होतो, बाबा तर फारच. गाडीतून गाद्या उतरवताना समोर यूलिस आईच्या अंगणात उभा दिसला. टाय नव्हता. बातम्या देण्यासाठी तो एकटाच मागे राहिला होता. मॉमॉ गाडीतून उतरली आणि त्याच्याकडे न बघता थेट अंगणातल्या दोरीकडे गेली. या वेळीही तिने कपडे मुद्दाम दोरीवरच ठेवले होते, पुरावा म्हणून. गावातली अर्धी माणसं आपापल्या गाद्या हातात धरून थांबली.

गवतात एक चिमटा पडलेला होता.

मॉमॉने तो उचलला. वर पाहिलं. टॉवेल होता तिथेच होता. उरलेल्या एका चिमट्यावर नाही, तर दोन्ही टोकं दोरीवरून नीट मागे टाकून, घडी सारखी करून. असं वारा करत नाही. असं आईने शिकवलेला मुलगा करतो.

यूलिस बुटांकडे बघत होता. मॉमॉने चिमटा एप्रनच्या खिशात टाकला.

"चांगलाच जोर होता म्हणायचा," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. मग त्याच्याजवळ येऊन हळूच, पण आमच्या गावात हळू असं काही नसतंच, "पुढच्या वेळी दोन पाड. आणि टॉवेल खाली टाक. आता खुर्ची बाहेर आण, लोक ताटकळलेत."