असेल तर

शहाड स्टेशनबाहेरच्या हॉटेलात मी कामाला होतो. सातवीत शाळा सोडून चंद्रपूरकडून आलेलो. शेठनी जेवण दिलं, झोपायला माळा दिला, म्हणून त्यांनी ‘काळू’ म्हटलं तरी मी हसून ओ द्यायचो.

एक कोळीण मासळी विकून दुपारी चहाला यायची. बाकड्यावरचे लोक नाक दाबायचे, म्हणून रिकामी पाटी शेजारी पालथी घालून पायरीवरच बसायची.

एका रविवारी टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेतला एक मुलगा हात जोडून उभा होता. मागच्या रविवारी सोबतच्या सावळ्या मुलीला तो म्हणाला होता, “लाइट गेली तर तुझे फक्त दात दिसतील!” तेव्हा आख्खं हॉटेल हसलेलं. आता तो म्हणाला, “कुणाला वाईट वाटलं असेल, तर माफ करा.”

“संपला विषय,” शेठ म्हणाले. “काळू, टेबल पूस.”

कोळणीने बशी खाली ठेवली. “‘आसल तर’ कशाला? वाटला का नाय, ते तिलाच इचारायचा ना!” मग माझ्याकडे वळली. “तुला वाईट वाटता का रं?”

शेठ बघत होते. मला माळा आठवला.

“नाही मावशी,” मी हसलो.

“बरा. मंग तुजा नाव सांग.”

गाव सोडल्यापासून ते कुणी घेतलं नव्हतं. सांगताना माझाच आवाज मला परका वाटला.

त्यानंतर ती रोज पायरीवरून त्या नावाने चहा मागायची. शेठ ‘काळू’च म्हणत राहिले. मी दोन्ही हाकांना ओ द्यायचो. फक्त तिच्या हाकेला मला हसावं लागत नसे.