अर्जुनसालीचा काढा आणि तपकिरी उंदीर

आमचे हे पेणजवळ हमरापूरला गणपती रंगवायचे. नव्वदनंतरची गोष्ट. ऐन हंगामात डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, कोलेस्टेरॉल वाढलंय, गणपतीआधी पुन्हा बघू. आदल्याच वर्षी थोरले दीर छातीत कळ येऊन बसल्या जागी गेले होते. मी तेव्हापासून धसकलेली. ह्यांना मात्र काही नाही. म्हणे, "सगळ्यांचंच वाढतं गो."

मी रोह्याची. तिथल्या बाजारात एक बाई अर्जुनाची साल विकायची, काळजाला चांगली म्हणून. पिशवी भरून आणली आणि रोज सकाळी पाणी निम्मं होईतो उकळायला लागले. काढा इतका तुरट, की जीभ टाळ्याला चिकटावी. हे तांब्या घेऊन मूर्तींच्या कारखान्यात जायचे, "कामावर घोट घोट पितो" म्हणायचे. तांब्या रिकामा परत यायचा. मला वाटलं, नवरा सुधारला.

तपासणीच्या आदल्या दिवशी चहा घेऊन कारखान्यात गेले. वडखळचं एक गिऱ्हाईक मूर्ती बघत होतं. "उंदरांचा रंग काय झ्याक आलाय," ते म्हणालं. बघते तर सगळ्या गणपतींच्या पायाशी एकाच छटेचे तपकिरी उंदीर. वास ओळखीचा वाटला. वाकून एक उंदीर हुंगला, मग दुसरा हुंगला. गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं.

"काढ्यात डिंक घातला की रंग काय बसतो गो," हे खाली बघून म्हणाले. "बाजारात असला रंग मिळायचा नाय."

मला रडूच फुटलं. धुरात डोळे फोडून घेतले ते उंदरांच्या काळजासाठी? तुम्हाला काही झालं तर खांदा द्यायला उंदीर येणार आहेत का? गिऱ्हाइकासमोरच काहीबाही बोलले.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. कोलेस्टेरॉल चक्क उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, श्रावणात मटण बंद होतं, त्याचा गुण. हे घरी येईपर्यंत ऐटीत. "बघ, बिनकाढ्याचं उतरलं," म्हणत कारखान्यात जाऊन उरलेल्या उंदरांवर ब्रशने बारीक केस काढायला बसले.

मी बघत उभी राहिले. ह्यांनी ब्रश काढ्यात बुडवला. टोक बारीक व्हावं म्हणून सवयीने ओठांत धरून ओढला. उंदरावर एक केस काढला. पुन्हा काढा, पुन्हा ओठ.

"जरा जीभ दाखवा," मी म्हटलं.

जीभ उंदराच्या रंगाची.

डॉक्टरांचं डॉक्टरांपाशी. त्यानंतर दर हंगामात उंदरांसाठी काढा मीच पाठवत आले, आणि ह्यांना एकच सांगायचे, केस भरपूर काढा.