दत्तामामाने बांधलेलं पॅरिस

माझा मामा दत्ताराम, अल क्वोज या कारखान्यांच्या भागातल्या वर्कशॉपचा सुतार, २००९च्या मार्चमधल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दुबईतल्या एका मॉलमध्ये मारला गेला. मी ‘मारला गेला’ असंच लिहिणार. त्याच्या कंपनीने फोनवर सांगितलं, ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडून मृत्यू.’ जुमेरा लेक टॉवर्समधल्या माझ्या ऑफिसात मी ते ऐकलं आणि हातातला कप भिंतीवर फोडला.

त्या मॉलमध्ये पॅरिसची गल्ली होती. रंगवलेलं आभाळ, अत्तरांची दुकानं, वेताच्या खुर्च्यांचा कॅफे, वर नक्षीदार बाल्कन्या. आपली माणसं खाली उभी राहून फोटो काढायची. एका शुक्रवारी आमच्याकडे बांगड्याचं तिखलं खाताना मी मामाला खिजवलं, “पॅरिस बघितलंस का रे कधी?” “अगो, पॅरिस अल क्वोजात बनता. टेंपोत घालून आमीच पोचयतो.” हसता हसता त्याला ठसका लागला...

बाल्कनी म्हणजे थर्माकोल आणि वर प्लास्टरचा लेप. बघायची वस्तू, कुणी उभं राहणार नव्हतं. पण मामाला आपण केलेल्या प्रत्येक वस्तूवर उभं राहून बघायची खोड. आमच्या देव्हाऱ्याच्या चौरंगावरही तो चढला होता. आई ओरडली, “देवाची जागा ना रे ती!” तर म्हणतो, “आणि उद्या देव पडलो तर?” म्हणून त्याने आपल्या वाट्याच्या बाल्कन्यांत कुणाला न सांगता लोखंडी अँगल घातले.

मग मंदी आली. वर्कशॉपमधली निम्मी माणसं गावी धाडली, उरलेल्या बाल्कन्या घाईत बाहेरच्या टोळीने टांगल्या. सगळ्या एकाच साच्यातल्या, खालून बघून वेगळ्या ओळखू येत नव्हत्या. वर्ष व्हायच्या आत दुकानं बंद पडली. मॉलच्या मालकाला ती जागा दुसऱ्याला द्यायची होती. तोडा! ज्यांनी ते पॅरिस बांधलं, त्यांच्याच हातात घण दिले. पुतळ्यांची मुंडकी उडाली, दिव्याचे खांब आडवे झाले, आरसे फुटले, आणि भाडं वाचवायला परांचीही परत पाठवली.

मामाबरोबर काम करणारे इक्बालभाई (नाव बदललंय) सांगतात, छताचं आभाळ फोडायचं राहिलं होतं. मामाने शिडी मागितली. फोरमनने त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. “यल्ला, चढ! बाल्कनी खड़े रहने के लिए ही होती है ना?” मामा वर बघत राहिला. मग म्हणाला, “ये मेरी वाली है, टिकेगी.” आणि भिंतीवरच्या नक्षीला धरून चढला.

ती त्याची नव्हती.

प्लास्टरसकट तो खाली आला, वरून ओतीव लोखंडी कठडा त्याच्या छातीवर. बरगड्या मोडल्याचा आवाज इक्बालभाईंना अजून झोपू देत नाही. रक्त खोट्या फरशीच्या फटींतून, तोडफोड झाकायला लावलेल्या कापडी पडद्यापलीकडे वाहिलं. पलीकडे गल्लीतला तेवढा कॅफे अजून चालू होता. स्पीकरवर अकॉर्डियन वाजत होतं... कुणी ते बंदही केलं नाही.

हो, मामा बाल्कनी ओळखायला चुकला. त्याला तिच्यावर चढवलं कुणी, हे कंपनीच्या कागदात नाही. इक्बालभाई बोलले तर त्यांचा व्हिसा उद्या खलास. मामी सावंतवाडीत जो येईल त्याला एकच विचारते, “ते निष्काळजी होते?”

पडदा अर्धा उघडाच होता. कॅफेत भारतातून फिरायला आलेलं, मराठी बोलणारं एक कुटुंब बसलं होतं, इक्बालभाईंनी ऐकलंय. तुम्ही वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचत असाल. तुम्ही फोरमनचा हात त्याच्या कॉलरवर पाहिलात, शिडी मागताना त्याला ऐकलंत. तुम्ही आता भारतात आहात, तुमचा व्हिसा कुणी काढून घेणार नाही. मग गप्प का? या पुरवणीच्या संपादकांना आजच फोन करा आणि स्वतःचं नाव सांगून बोला.