अधिकाचं वाण घेऊन जैसलमेरला

जावयाला रजा नाही म्हणून सासूने घरी बसायचं? छे! दोन हजार सातच्या उन्हाळ्यात अधिक ज्येष्ठ आला. आमच्या केतकीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना. पहिल्या अधिकात जावयाला घरी बोलावून जेवू घालायचं आणि तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. पण आमचे जावई निखिल जैसलमेरजवळ पवनचक्क्यांच्या कामावर. "सुट्टी मिळत नाहीये आई, पुढच्या अधिकात बघू," असं ते फोनवर म्हणाले. पुढचा अधिक तीन वर्षांनी येणार, आणि पहिला तो पहिलाच! "मग आम्हीच येतो," म्हटलं आणि फोन ठेवला.

आमचे हे उडालेच. "ऐन मे महिन्यात वाळवंटात? एसी नसलेल्या गाडीतून? डोकं फिरलंय का तुझं?" मी तांदूळ भिजत घातले. दोन दिवसांनी हे स्वतःच गाडीचे टायर बदलून आले.

तळलेल्या अनारशांचा रस्त्यात चुरा झाला असता, म्हणून पीठच न्यायचं ठरवलं. तांदूळ तीन दिवस भिजवून, कुटून, गुळात मळून मुरवलेलं पीठ गच्च झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरलं. नाशिकच्या भांडी बाजारातून वाणासाठी तांब्याचं ताम्हन घेतलं आणि पहाटेच निघालो.

वणीवरून सापुताऱ्याला पोहोचेपर्यंत हवा अशी झकास, की हे चक्क गाणं गुणगुणायला लागले. घाट उतरून गुजरातेत शिरलो आणि गाणं बंद. भरूचच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत गाडीची नुसती भट्टी झाली. रात्री मेहसाण्याला मुक्काम केला. कूलरची खोली चारशेला मिळाली, आणि थाळीतल्या कढीला तोड नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून एकच नियम: पहाटे निघायचं, ऊन चढलं की ढाबा गाठायचा. तुम्हीही जाणार असाल तर खिडक्यांना ओले टॉवेल लावा आणि ताक दिसेल तिथे प्या. सांचोरच्या पुढे हिरवा रंगच संपला. स्टिअरिंगला हात लावला की चटका बसायचा, तरी बाडमेरपर्यंतचा निम्मा रस्ता गाडी मीच चालवली. एका ढाबेवाल्याने विचारलं, "इस गर्मी में घूमने निकले हो?"

"घूमने नहीं, नासिक से आए हैं, दामाद को खाना खिलाने."

"नासिक से? अरे, दामाद है कि राजा है?" त्याने ताकाचे पैसे काही घेतले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या आत जैसलमेरजवळच्या त्यांच्या क्वार्टरवर पोहोचलो. केतकी दारातच गळ्यात पडली. वर्षभर फोनवर "मी मजेत आहे" म्हणणारी पोर किती वाळली होती! निखिल म्हणाले, "आई, मला संध्याकाळी साइटवर जावं लागेल. आजचीच दुपार मोकळी आहे."

हात धुतले, तूप तापवलं, पहिला अनारसा सोडला आणि तो कढईत हसला. म्हणजे पसरून पार विरघळला हो! दुसराही तसाच. गच्च बंद डब्यात, तापल्या गाडीत गुळाला पाणी सुटलं होतं. एवढं वाळवंट तुडवून जावयासमोर रिकामं ताम्हन ठेवायचं?

"आई, राहू दे ना, शिरा करू," केतकी म्हणाली.

"शिरा करायला मी नाशिकहून आले का?" मी खेकसलेच तिच्यावर. डोळे पुसायला पदर वर केला, तर मघाशी पाण्याने भिजलेला पदर कडकडीत वाळलेला! मग मात्र सुचलं. सगळं पीठ परातीत मोकळं केलं आणि मागच्या पडवीत सावलीला ठेवलं. नाशिकला दिवसभर लागला असता, इथल्या कोरड्या, तापल्या वाऱ्याने, त्या लूने ते बघता बघता आटवलं. पुन्हा मळलं, खसखशीवर थापलं, तुपात सोडलं. अनारसा तरंगला, वर झाऱ्याने तूप उडवलं, आणि अशी काही जाळी पडली म्हणून सांगू! "अहो, इकडे या, बघा!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारीण धावत आली.

तेहेतीस मोजून ताम्हनात रचले. निखिलना पाटावर बसवलं, ओवाळलं, वाण दिलं. केतकीने वाढलेला सहावा अनारसा संपवून ते म्हणाले, "आई, माझ्यासाठी एवढ्या लांब कधी कोणी आलं नव्हतं." ह्यांनी उगाचच चष्मा पुसायला घेतला. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

परतीच्या रस्त्यात टायर फुटला, माझं नाक भाजून सोललं, पण तक्रार कोणीच केली नाही. घरी आल्यावर माझी जाऊ भेटायला आली. "काय गं, किल्ला कसा होता? वाळूच्या टेकड्या? उंटावर बसलात का?"

काहीच पाहिलं नव्हतं आम्ही.

"इश्श! एवढ्या लांब जाऊन पाहिलंत तरी काय?"

"माझ्या केतकीला पाहिलं," मी म्हटलं, "नवऱ्याला आग्रह कर-करून वाढताना."