लाल ठिपका दाबायचा नाही

माझी वहिनी तुरुंग फोडते, असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या बोटात सुई घुसली होती. मी शिवणकाम करते, आणि समोर बसून गिऱ्हाईक म्हणे, "तुमच्या वहिनी जेलब्रेक करतात ना?" अगं बाई! गल्लीच्या तोंडाशी दुकान टाकून फोनच्या फुटक्या काचा बदलणारी, वर मान करून कुणाशी न बोलणारी ही बाई, आणि जेल फोडते? संध्याकाळी जाऊन खडसावलंच तिला. ती हसली. म्हणाली, "फोन आपला असतो, पण कुलूप कंपनीचं असतं. ते काढायचं, एवढंच."

एवढंच कसलं! ते सांगायचं तर आधी दादाचं सांगायला हवं.

दादा, माझा थोरला भाऊ, शहरबसचा कंडक्टर. तोंड कधी बंद नाही. भरल्या बसमध्ये चिडलेल्या माणसाला हसवून उतरवायचा. विनातिकीट कुणी दिसला की नुसती उजवी भुवई उचलायचा, आणि तो माणूस आपणहून खिशात हात घालायचा. मग नसांचा आजार आला. हात गेले, पाय गेले, शेवटी जीभ गेली. राहिली ती भुवई.

वहिनीनं काय केलं असेल? जुन्या इअरफोनच्या पोटातलं काहीबाही काढून, चिकटपट्टीवर बसवून, त्या भुवईवर लावलं. फोनवर अक्षरं एकामागून एक पुढं सरकणार, हवं ते अक्षर आलं की दादानं भुवई हलवायची, आणि शब्द जुळला की फोन तो मोठ्यानं बोलणार. सगळं जमलं आणि तिथंच घोडं अडलं. कंपनीनं मंजूर न केलेली वस्तू फोन ओळखेचना. नवरा हिचा, भुवई त्याची, फोन दोघांचा, आणि परवानगी कंपनीची! मी तर त्या फोनला तोंडावर शिव्या घातल्या.

तेव्हा वहिनीला ते सापडलं. जगात कुठंतरी बसलेली चार-दोन माणसं फोनचं कुलूप काढायचं एक साधन फुकट वाटत होती. त्याचं खरं नाव बोलायला गेलं की जीभ अडखळते, म्हणून आम्ही घरात त्याला किल्लीच म्हणतो. ती करणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. मुख्य माणूस स्वतःच्या फोटोच्या जागी छत्री लावतो, म्हणून तो आमचा छत्रीवाला. किल्लीची नवी आवृत्ती निघाली की तिच्यात काय सुधारलं, काय बिघडलं, ते तो एका पानावर लिहून ठेवतो. बायका मालिका बघतात तसं वहिनी ते पान वाचायची.

पहिल्या आवृत्तीनं कुलूप निघालं, पण फोन एकदा बंद पडला की पुन्हा लागायचं. मग परत संगणकाला जोडा, परत सगळं पहिल्यापासून. त्यामुळं आमच्या घरात माणूस उपाशी राहिला तरी चालेल, फोन उपाशी राहता कामा नये. वीज गेली की मी हातातलं कापड टाकून वर दादाच्या खोलीत धावायची. पुढची आवृत्ती आली तिनं कुलूप छान काढलं आणि आवाजच घालवला. म्हणजे मुक्याला मुका जोडीदार! छत्रीवाल्यानं त्याच आठवड्यात माफी मागून दुसरी काढली. आणि मग ती आली, फोन बंद केला तरी टिकणारी. वहिनीनं आम्हा सगळ्यांदेखत मुद्दाम फोन बंद केला. फोन सुरू झाला, अक्षरं पळायला लागली आणि फोनमधून दादा म्हणाला, "सुटे पैसे काढून ठेवा." मी तोंडात बोट घातलं. कोण कुठला छत्रीवाला, त्याला दादा माहीत नाही, आमची भाषा माहीत नाही, आणि माझा भाऊ त्याच्या जिवावर विनोद करतोय!

पण कंपनी काय गप्प बसते? किल्ली ज्या फटीतून शिरायची ती फट तिनं फोनच्या पुढच्या अपडेटमध्ये बुजवून टाकली. छत्रीवाल्यानं पानावर लिहिलं, 'अपडेट करू नका, आहात तिथंच राहा.' त्यानंतर ते पान गप्पच झालं. आमच्या घरात मात्र कायदा झाला. फोनवर अपडेटचा लाल ठिपका येतो, तो दाबायचा नाही. पाहुणा आला की पाण्याच्या आधी हे सांगायचं.

आणि सांगायचं राहिलं ते नेमकं मावशीला. आई गेल्यावर आम्हा भावंडांना जिनं वाढवलं ती ही मावशी. रोज दुपारी यायची आणि दादाच्या उशाशी खुर्ची ओढून बसायची. बसली रे बसली की फोन म्हणायचा, "तिकीट?" मावशी त्याच्या खांद्यावर चापट मारायची. "मेल्या, तुला न्हाऊ-माखू घातलंय मी, मला तिकीट मागतोस?" रोजचं हे. ती इतकी घरची की तिला कायदा सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

एका दुपारी दादा झोपला होता. मावशीला डाग म्हणून कुठं सहन होत नाही. मी वर गेले तर मोठ्या कौतुकानं सांगते, "अगं, ते लाल लाल केव्हापासून दिसत होतं, काढून टाकलं मी. दाबलं की झालं."

माझं धाबं दणाणलं. वहिनी दुकान उघडं टाकून धावत आली, फोन हातात घेतला आणि नुसती उभी राहिली. कुलूप परत लागलं होतं, आणि एकदा अपडेट झालं की मागे फिरायची सोय नसते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मुकाट्यानं मिटलं. पण मावशीला कळायचं ते कळलं. चपला घालून गेली, ती परत आलीच नाही. बोलवायला गेलं की दारातूनच म्हणायची, "माझ्या हातानं त्याचं तोंड बंद केलं गं मी. कुठल्या तोंडानं येऊ?"

आम्ही अक्षरं मोठ्यानं म्हणून बघितली, दादानं डोळे मिटून हो म्हणायचं. एका शब्दाला तो घामाघूम व्हायचा, आणि डोळे आपोआपही मिटायचे, सगळा घोळ. भुवई तर आता इतकी कमी हलायची की आमच्या नजरेला दिसायचीसुद्धा नाही. ती फक्त वहिनीच्या पट्टीलाच कळायची. डॉक्टर म्हणाले, तीही जाईल. कधी, ते सांगता येत नाही. म्हणजे किल्ली आधी येते की भुवई आधी जाते, असा तो मामला होता.

वहिनीनं तसाच जुना, अपडेट न केलेला दुसरा फोन शोधला. मिळाले ते सगळे अपडेट केलेले. मग तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत छत्रीवाल्याला लिहिलं. उत्तर आलं, 'फट एक दिसते आहे, पण माझ्याकडं तुमच्यासारखा फोन नाही. चाचणी तुम्हाला करावी लागेल, आणि चाचणीत फोन कायमचा मरू शकतो.'

दादाच्या फोनला तर हात लावायचा नव्हता, त्याच्या जुळवलेल्या सगळ्या शब्दांचा साठा त्यातच होता. वहिनीनं दुकानातले मेलेले फोन काढले, एकाची काच, दुसऱ्याची बॅटरी, तिसऱ्याचं काळीज असं करून एक जिवंत केला. आणि मग, जिनं इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून तो ठिपका राखला होता, तिनं त्या फोनवर तो स्वतःच्या बोटानं दाबला. दादाच्या फोनसारखाच व्हायला हवा ना तो! मला बघवेना.

गप्प झालेलं पान पुन्हा बोलायला लागलं. छत्रीवाला आवृत्ती पाठवायचा, वहिनी लावून बघायची आणि तो निकाल लिहून टाकायचा. 'या आवृत्तीत फोन सुरूच होत नाही.' 'या आवृत्तीत सुरू होतो आणि मान टाकतो.' 'या आवृत्तीत कुलूप अर्धं निघतं, कृपया वापरू नका.' स्वतःची फजिती अशी चव्हाट्यावर कोण मांडतं? मी बिघडलेलं ब्लाउज गुपचूप उसवणारी बाई. पण त्या फजित्या वाचून आणखी माणसं आली. कुणी आपला फोन चाचणीला दिला, कुणी चूक शोधून धाडली. एका बाईनं लिहिलं की तिच्या लेकीच्या कानाचं यंत्रही या अपडेटनं बंद पाडलंय, तीही वाट बघते आहे. मी हाती काम घेऊन वहिनीच्या दुकानात जाऊन बसायला लागले. "आज काय लिहिलंय?" मीच विचारायची. आमच्या एका खाटेपायी कुठकुठली माणसं आपापली कामं टाकून बसली होती! अंगावर काटा यायचा माझ्या.

आणि एका दुपारी तो जोडलेला फोन उघडला. वहिनीनं तो बंद केला, सुरू केला, पुन्हा बंद केला. उघडाच राहिला. दुकानाला कुलूप घालून ती तडक वर आली.

दादाच्या फोनवर किल्ली लावली, भुवईवर पट्टी चिकटवली. अक्षरं सरकू लागली. एक फेरी झाली. दुसरी झाली. फोन गप्पच. मी म्हटलं, गेली भुवई. वहिनीनं पट्टी केसभर वर सरकवली. तिसऱ्या फेरीत 'म' उमटला.

मला वाटलं, आता वहिनीविषयीच काहीतरी गोड येणार. तेवढा मान होताच तिचा. अक्षरं जुळत गेली आणि फोन बोलला,

"मावशीला बोलवा. तिकीट माफ."

इतके महिने जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं ती वहिनी मटकन खाली बसली. मी तशीच अनवाणी पळाले. मावशीनं दार उघडलं, ऐकलं आणि माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, "खरं सांग, तो म्हणाला, की माझं मन राखायला तूच म्हणतेस?"

"मावशी, तिकीट माफ म्हणालाय. हे मला सुचेल का?"

ती चपला शोधायला लागली, आणि रडण्याच्या भरात त्या तिला सापडेनात.

छत्रीवाल्याला वहिनीनं सगळं कळवलं. त्या आवृत्तीखाली, दुरुस्त झालेल्या गोष्टींच्या अगदी शेवटी, त्यानं एक ओळ घातली आहे, 'एक मावशी घरी परतल्या.' वहिनीनं ती मावशीला दोनदा वाचून दाखवली.

माफी मात्र तेवढ्या दिवसापुरतीच होती. दुसऱ्या दुपारी मावशी खुर्ची ओढून बसली, पदरानं घाम पुसला, आणि फोन म्हणाला, "तिकीट?"