मामांच्या रक्तातला घोडा

आमच्या मामेसासऱ्यांइतका घोड्यांवर जीव टाकणारा माणूस घाटाच्या या बाजूला झाला नाही, आणि पलीकडे कुणी झाला असेल तर तो स्वतः घोडाच असला पाहिजे. माझ्या बायकोचे हे मामा पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या पंधरावीस घरांच्या वाडीत जन्मले. त्या वाडीत घोडा चढूच शकत नाही. वाडीतली पोरं मुंबईला गिरणीत जातात तसे मामाही गेले. पण गिरणी त्यांना मानवली नाही आणि ते औषधं बनवणाऱ्या एका संस्थेच्या तबेल्यात मोतद्दार म्हणून लागले. तिथं सापाच्या विषावरचं औषध घोड्यांच्या रक्तातून काढत. जन्मभर मामांनी त्या घोड्यांना खरारा केला, आणि वाडीत परतले तोवर माणसांकडे बघायची त्यांची रीतही घोड्यांचीच झाली होती. माझं लग्न ठरताना मला पाहायला ते रजा काढून आले होते. इतरांनी माझं शिक्षण विचारलं, जमीन विचारली. मामांनी मला अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या. तोंड उघडून दात दाखवायला सांगितलं नाही, एवढंच. मग माझ्या सासूबाईंना म्हणाले, "पोरगा चालीचा सरळ हाय गो. जरा बुजरा हाय, पन लाथ मारनार नाय." त्यांचा हा अंदाज चुकला, हे सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे.

तबेल्यात घोड्यांना नंबर होते. मामांना ते पटत नसे. नंबरानं हाक मारली तर जनावर कशाला वळून बघेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी घोड्यांना आपल्या भावकीची नावं देऊन टाकली. दात दाखवणाऱ्या एका तापट घोड्याला त्यांनी स्वतःच्या चुलतभावाचं नाव दिलं होतं. ते त्या चुलतभावाला कळलं तेव्हा तो तावातावानं अंगणात आला. "माझ्या नावानं घोडं पाळतोस काय रे?" मामा शांतपणे म्हणाले, "तुझ्या नावाच्या घोड्यानं किती जनांचा जीव वाचिवला, ठावं हाय? तू आजवर येक शेळी तरी वाचिवलीस का?" चुलतभाऊ आल्या वाटेनं माघारी गेला. पुढं कुठल्याही लग्नात ओळख करून देताना तोच आधी सांगू लागला की मुंबईत आपल्या नावाचा एक घोडा आहे.

औषध कसं तयार होतं ते सांगताना मामांचा आवाज देवळात बोलावं तसा खाली येई. "पैल्या दिशी सापाचं ईख किती, तर सुईच्या टोकावर मावंल येवढं. घोडा मान टाकतो, दोन दिस चंदीला तोंड लावत नाय. आठ दिसांनी जरा जास्त. असे म्हैने जातात. मंग त्याला येवढं ईख देतात का दुसरी घोडी आडवी होतील, आन् ह्यो शेपटीनं माश्या वारत उभा!" मग मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचं, ते बाटलीत थिजू द्यायचं, वर जे पिवळसर पाणी राहतं त्यात सगळी करामत. रक्त काढताना मामा घोड्याचा डोळा आपल्या तळहातानं झाकत, आणि स्वतःचे दोन्ही मिटून घेत.

साप चावून वाचलेल्या माणसाच्या घरी मामा भिजवलेले हरभरे घेऊन जात आणि त्याच्या अंगात आता कुठला घोडा आहे ते सांगत. वरंधच्या एका बाईला त्यांनी सांगितलं, "तुझ्यात आमची पांढरी घोडी हाय गो. आता नवऱ्याला सांग, लगाम जपून धर." नात्याच्या एका माळकऱ्यानं मात्र औषध घ्यायला साफ नकार दिला. घोड्याचं रक्त अंगात घेऊन माळेला बट्टा लावणार नाही म्हणाला. मामा त्याच्या उशाशी बसले. "अरे, घोडा तुझ्यापरीस मोठा माळकरी. जल्मात त्यानं मासळीचं तोंड बघितलं नाय. तू माळ घालायच्या आदी काय काय खाल्लंस, ते सांगू का तुझ्या सुनंसमोर?" माळकऱ्यानं मुकाट्यानं हात पुढं केला. महाडला गेले की मामा टांगा ठरवत, टांगेवाल्याच्या हातात भाडं ठेवत, आणि घोड्याला ओझं नको म्हणून टांग्याच्या बाजूनं चालत जात.

मी त्या वेळी पोलादपुरात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. साठ साल उलटून गेलं होतं. डॉक्टरांना वाचनाचा नाद होता. परदेशातून येणाऱ्या एका मासिकात रक्तातल्या प्रतिपिंडांची घडण कशी असते त्याविषयी नवीनच काही छापून आलं होतं. त्यांनी मामांना समोर बसवून एका कागदावर गलोलीच्या बेचकीसारखी आकृती काढली. विषाला धरून निकामी करणारा कण तो हा. दोन लांब साखळ्या, दोन आखूड. वरची दोन टोकं विषाला पकडतात. खालचा दांडा रक्तातल्या पेशींना खूण करतो की याला गिळा. टोकांची घडण मात्र दर विषाला वेगळी. मामांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "दोन हात आन् येक शेपूट. हातानं धरायचं आन् शेपटीनं हाळी घालायची. बराबर हाय डॉक्टर. घोड्याचं हाय म्हनल्यावर शेपूट असनारच." आणि टोकांबद्दल म्हणाले, "खोगराचं बी तसंच. ह्याचं त्याच्या पाठीवर बसत नाय. नागाला धरनारे हात फुरशाला काय धरतील?" मग त्यांनी विचारलं, हे सगळं घोडा जाणून करतो का. डॉक्टर म्हणाले, "घोडा नाही, त्याचं रक्त करतं. तुमचं-आमचं रक्तही करतं. परकं काही आत आलं की ते ओळखून ठेवतं. पुन्हा तेच आलं की फार लवकर अंगावर जातं. विसरत नाही." "घोडा बी विसरत नाय," मामा समाधानानं म्हणाले, आणि तो कागद घडी करून टोपीत ठेवून घेऊन गेले.

त्यानंतरच्या गवतकापणीत, भारा उचलताना, फुरशानं मामांच्याच पायाला धरलं. वाडीच्या लोकांनी त्यांना डोलीतून भर दुपारी दवाखान्यात आणलं. पाय सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. पण मामांचा चेहरा सोयरे यायचे असावेत तसा. "जावयबापू, बघू आज कोन भेटाया येतो," म्हणाले. मी औषधाच्या कुपीत पाणी घालून भुकटी विरघळवत होतो. फेस झालेला डॉक्टरांना खपत नसे, म्हणून सारं लक्ष हातांत. मामांना पलीकडच्या खोलीत खाटेवर घेतलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी सुई भरायच्या आधी मलाच विचारलं, "यांनी पूर्वी कधी घोड्याचं सिरम घेतलंय का?"

मला ठाऊक होतं. तबेल्यात एका घोडीनं मामांच्या गुडघ्यावर लाथ मारली होती आणि धनुर्वात होऊ नये म्हणून त्यांना घोड्याच्याच रक्तातलं औषध टोचलं होतं. मामांनी ते मला चारदा तरी सांगितलं होतं, कुणी लग्नाची हकीकत सांगावी तसं. "त्या दिसापासून मी घोड्यांचा सोयरा," असं ते म्हणत. हातातल्या कुपीच्या नादात मी मान वर न करता म्हणालो, "नाही."

औषध शिरेत जाऊ लागलं आणि मामांच्या अंगावर गांधी उठल्या. ओठ सुजले, श्वास कोंडला, डोळे फिरले. डॉक्टरांनी धावपळ करून दुसरं इंजेक्शन दिलं, छातीला कान लावून बसले, आणि संध्याकाळपर्यंत हळूहळू, थेंबाथेंबानं, उरलेलं औषध दिलं. मामा वाचले. डॉक्टर घाम पुसत मला म्हणाले, "यांनी आधी घेतलेलं असणार हो." मी म्हणालो, "असेल. मला कधी बोलले नाहीत."

मामांना बोलता येऊ लागलं तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, "काय झालं, जावयबापू? कंचा घोडा होता? येवढा का रागावला?" तेव्हा तरी मी खरी गोष्ट सांगायला हवी होती. डॉक्टर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मी म्हणालो, "घोडा नाही रागावला, मामा. तुमच्या रक्तानं घोड्याला परका ठरवला. त्या बेचक्या तुमच्या रक्तात घोड्याविरुद्ध तयार आहेत. तुमचं रक्त त्याच्या अंगावर गेलं." यातला एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टरांनी मान डोलावली, शिकलेल्या कंपाउंडरचं कौतुक वाटल्यासारखी. मामा आपल्या हाताच्या शिरांकडे बघत राहिले.

त्यानंतर मामांनी घोड्यांचं नाव काढणं सोडलं. महाडला गेले तर टांग्यांच्या रस्त्यानं जाणं टाळू लागले. वरंधच्या बाजूनं वंजाऱ्यांची लादलेली घोडी उतरली की ते उठून घरात जाऊन बसत. कुणाला साप चावला तरी हरभरे भिजेनात. बायको मला म्हणे, "मामा घोड्यांचं बोलत नाहीत हल्ली. आतून काही दुखतंय का, बघा ना. तुम्ही दवाखान्यातले." दोन वर्षं मी हे ऐकत होतो आणि जेवत होतो.

शेवटी एका सकाळी मी डोंगर चढून वाडीवर गेलो. मामी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या, मामा दोरी वळत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, मला माहीत होतं, मी नाही म्हणालो. आणि नंतर दोष तुमच्या रक्तावर टाकला. आधी कळलं असतं तर डॉक्टरांनी पहिल्यापासूनच थेंबाथेंबानं दिलं असतं. असं रक्त कुणाचंही होतं, त्याला वैर म्हणत नाहीत. मामांचे हात थांबले. पण जावयाला बोल लावायची आमच्याकडे रीत नाही. "असूं द्या, जावयबापू. घाईत व्हतं मानसाकडनं," एवढंच ते म्हणाले. मामींनी सूप आपटलं. "जावई म्हनून गप बसताव व्हय? दुसरा कोन असता तर वाडीच्या खाली घालवला असताव! दोन वरसं हा मानूस झोपंत मान हलवीत हुता घोड्यावानी!" "तू भाकरी टाक गो," मामा म्हणाले. मला वाटलं, त्यांनी हातातली दोरी उचलून मला मारावं. मी भाकरी खाल्ली आणि उतरलो.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच मामा आमच्या दारात. धुतलेलं धोतर, नवी टोपी. "चला, महाडला जाऊन येऊं."

चवदार तळ्याकडून बाजारात येणाऱ्या रस्त्याला पूर्वी सहासात टांगे उभे असत. एसटी वाढली तसे ते गेले. त्या दिवशी एकच होता, आणि त्याला एक म्हातारी करडी घोडी. मामा तिच्यापासून दहा पावलांवर थांबले. बराच वेळ तिचे गुडघे, खूर, कान बघत राहिले. मग मला विचारलं, "हात लावला तर?"

"काही होत नाही, मामा. सुईनं रक्तात गेलं तरच. नुसत्या हाताला काही नाही."

"खरं सांगताय?"

"खरंच."

मामांची नजर घोडीवरच होती. "तवा बी खरंच सांगितलं हुतंत, जावयबापू."

उभ्या आयुष्यात त्यांनी मला लावलेला बोल एवढाच. मग पुढं झाले. घोडीला आधी तळहात हुंगू दिला, मग मानेवर हात ठेवला, मग कपाळ. टांगेवाला म्हणाला, "बसायचं हाय का, बाबा?" "नाय रे. हिला जरा उभी ऱ्हाऊं दे." परतीच्या एसटीची वेळ झाली तेव्हा मी त्यांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकलं नाही, की ऐकून घेतलं नाही, कोण जाणे. मी एकटाच स्टँडवर आलो. त्यांच्यासाठी शेजारच्या जागेवर मी पिशवी ठेवली होती; गाडी भरत आली आणि एक बाई कडेवर पोर घेऊन उभी राहिली, तेव्हा मी पिशवी उचलून मांडीवर घेतली.